वहीचं मागचं पान

तुझा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. "मॅडम, ऑर्डर मिळाली, सोमवारपासून रुजू," एवढं ऐकलं आणि गॅस बंद करून खुर्चीत बसले. तासिका तत्त्वावर का होईना, आपल्या वर्गात खिडकीशी बसणारी मुलगी आता त्याच विषयाच्या वर्गासमोर उभी राहणार. "पहिल्या तासाला काय करू?" असं तू विचारलंस, तेव्हा मला फोनवर धड सांगता आलं नाही. म्हणून हे लिहून पाठवतेय. चौतीस वर्षं तालुक्याच्या गावी मानसशास्त्र शिकवताना जे हाती लागलं, ते यात आहे. थोडं पुस्तकांतलं, बरंचसं मुलांकडून शिकलेलं.

पहिल्या तासाला अभ्यासक्रम वाचून दाखवू नकोस. मानसशास्त्राच्या तेरा व्याख्याही फळ्यावर लिहू नकोस. एका कागदावर पंधरा शब्द लिहून ने: गादी, उशी, रात्र, अंधार, जांभई, स्वप्न, चादर, डुलकी, थकवा, घोरणं, अंथरूण, पांघरूण, पहाट, आराम, अंगाई. मुलांना पेनं खाली ठेवायला सांग आणि दीड-दोन सेकंदाला एक शब्द, अशा एकसारख्या आवाजात यादी वाच. कुठल्याही शब्दावर जोर देऊ नकोस. वाचून झाल्यावर लगेच लिहायला लावू नकोस. दोन मिनिटं गावाचं नाव विचार, कोण कुठल्या एसटीने येतं ते विचार. मग म्हण, आता आठवतील तेवढे शब्द लिहा.

लिहून झालं की हात वर करायला सांग. 'उशी' किती जणांनी लिहिलं? 'स्वप्न'? आणि मग अगदी त्याच आवाजात विचार: 'झोप' किती जणांनी लिहिलं? बरेच हात वर जातील. आता कागद पुढच्या बाकावरच्या मुलीच्या हातात दे आणि तिला मोठ्याने वाचायला लाव. यादीत 'झोप' नाही. वर्गात जो गलका होतो तो होऊ दे, त्याला आवर घालू नकोस. एखादी मुलगी हमखास उठून सांगते, "मॅडम, मी ऐकलंय, तुम्ही म्हणाला होतात." ती खोटं बोलत नसते, आणि तिला वर्गासमोर ओशाळं वाटू नये ही तुझी जबाबदारी. तिला सांग, तू चुकली नाहीस, स्मृती अशीच चालते. ती टेपरेकॉर्डरसारखी साठवत नाही, दर वेळी नव्याने जुळवते.

हे सगळं झाल्यावरच नावं सांग. जेम्स डीझने १९५९ मध्ये अशा याद्या वापरल्या, हेन्री रोडिगर आणि कॅथलीन मॅकडरमॉट यांनी १९९५ मध्ये त्या पुन्हा वर काढल्या. मग कोर्टातल्या साक्षीदाराकडे वळ. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये लोकांना गाड्यांच्या धडकेची फिल्म दाखवली आणि वेग विचारला. प्रश्नातलं एक क्रियापद सौम्य होतं की जोरकस, एवढ्यावर लोकांनी सांगितलेला सरासरी वेग ताशी सुमारे ३२ मैलांवरून सुमारे ४१ मैलांवर गेला. पोरं त्या दिवशी घरी जाऊन आईवर, आजीवर ही यादी वाचतात. जो विषय पहिल्याच दिवशी घरापर्यंत पोचला, त्याला पुढे हजेरीची सक्ती फारशी लागत नाही.

क्रमाचं तेवढं लक्षात ठेव. आधी अनुभव, मग नाव, मग व्याख्या. आपली पुस्तकं बरोबर उलट्या क्रमाने लिहिलेली असतात.

आता दुसरी गोष्ट, आणि सगळ्यात महत्त्वाची हीच. नोट्स सांगत बसू नकोस. तुझ्यावर दडपण येईल, कारण मुलांना नोट्स हव्या असतात, पालकांना हव्या असतात, शेजारच्या वर्गातले सर देत असतात. मीही पहिली सात-आठ वर्षं दिल्या. मुलं मान खाली घालून लिहीत राहायची, मी स्वल्पविरामासकट सांगायची, आणि पुढच्या आठवड्यात 'मागच्या तासाला काय झालं' विचारलं की सगळा वर्ग वही उघडायचा. वहीत सगळं होतं. डोक्यात काय होतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. एबिंगहाउसची विस्मरणाची वक्ररेषा मी दर वर्षी फळ्यावर काढत होते, १८८५ हे साल पाठ करून घेत होते, आणि ती रेषा माझ्या समोरच्या बाकांवर रोज उतरत होती हे मला दिसत नव्हतं.

नंतर रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग वाचनात आला. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. मग काहींनी तो परत वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तसा लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तर परत वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्याने तपासलं तेव्हा परत वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के. प्रश्न एवढाच की आपली परीक्षा पाच मिनिटांनी असते की महिन्या-दोन महिन्यांनी?

त्यावरून मी एक रीत बसवली, ती तू जशीच्या तशी घे. तास सुरू झाला की पहिली पाच मिनिटं पुस्तक बंद, वही उलटी. वहीच्या मागच्या पानावर मागच्या तासातलं जे आठवेल ते तीन-चार ओळींत लिहायचं. त्याला गुण नाहीत, मी ते पान तपासतही नाही. लिहून झालं की शेजारणीला दाखवायचं, राहिलेलं तिच्याकडून घ्यायचं, मग वही सुलट करून पडताळायचं. दर सोमवारी मागच्या तासातलं नाही, महिन्यापूर्वीचं विचारायचं. सुरुवातीला पानं कोरी राहतात. राहू देत. आठवायला बसल्यावर जो त्रास होतो, तोच शिकण्याचा भाग आहे, हे मुलांना उघड सांग. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मागची पानं भरलेली दिसायला लागतात.

तक्रार येईल, त्याची तयारी ठेव. माझ्याबद्दल प्राचार्यांकडे गेली होती: "मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच विचारतात." त्या दिवशी मी घरी येऊन जेवले नव्हते. पुढे २०१९ मध्ये हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांतला लुई डेलॉरियर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्वतः डोकं चालवावं लागलेल्या विद्यार्थ्यांची चाचणी जास्त चांगली गेली होती, पण आपण कमी शिकलो असं त्यांनाच वाटत होतं. छान, ओघवतं व्याख्यान ऐकलं की सगळं समजल्यासारखं वाटतं. त्यामुळे पहिल्या आठवड्यातच मुलांना सांगून टाक की माझ्या वर्गात तुम्हाला अडखळल्यासारखं वाटेल, आणि त्याचं कारण हे आहे. कारण कळलं की मुलं खूप सोसतात.

प्रश्न विचारलास की थांब. आपण थांबतो असं आपल्याला वाटतं, पण थांबत नाही. मेरी बड रो यांनी अमेरिकेतल्या शाळांचे विज्ञानाचे तास ध्वनिमुद्रित करून मोजलं, तर शिक्षक प्रश्नानंतर साधारण एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर उत्तरं लांबली आणि जी मुलं एरवी गप्प असायची ती बोलू लागली. मी आमच्या वर्गाच्या डावीकडच्या खिडकीचे गज मोजायची. सात गज होते. सातवा गज होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. पाचव्या-सहाव्या गजाला मागच्या बाकावरून आवाज यायचा, आणि तो बहुतेक वेळा वर्षभर न बोललेल्या मुलाचा असायचा.

आता एक खेळ. वर्गातल्या एका मुलाला बोलाव आणि गणपतीची आरती मनातल्या मनात म्हणत बाकावर बोटांनी तिचा ठेका वाजवायला सांग. आधी त्याला विचार, किती जण ओळखतील? तो म्हणेल, सगळे. ओळखतात एक-दोघे, कधी कुणीच नाही. स्टॅनफर्डमध्ये एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये हेच करून पाहिलं होतं. वाजवणाऱ्यांना वाटलं होतं की निम्मी गाणी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली तीन. वाजवणाऱ्याच्या डोक्यात चाल, टाळ, शब्द सगळं चालू असतं, ऐकणाऱ्याला फक्त टकटक ऐकू येते. तू नुकतीच सेट पास झालीस, तुझ्या डोक्यात आरती अगदी जोरात चालू असणार. म्हणून हा खेळ वर्गासाठी जितका, तितकाच तुझ्यासाठी आहे.

मला ही टकटक ऐकू आली ती 'नकारात्मक प्रबलन' शिकवताना. दर वर्षी पेपरात निम्मी मुलं लिहायची की नकारात्मक प्रबलन म्हणजे शिक्षा. मी चिडायची, कारण मला ते लख्ख दिसत होतं: प्रबलन म्हणजे वर्तन वाढणं, आणि नकारात्मक म्हणजे काहीतरी काढून घेणं. पण मराठीत 'नकारात्मक' म्हणजे वाईट, आणि वाईट म्हणजे शिक्षा, इतका सरळ रस्ता मुलांच्या मनात आधीच होता. माझी व्याख्या त्या रस्त्याच्या आड येऊच शकत नव्हती. मग एका वर्षी मी व्याख्या सोडून दिली आणि एसटीतला प्रसंग सांगितला. लहान मूल भोकाड पसरतं. आई पर्समधून मोबाईल काढून देते. मूल गप्प. पुढच्या वेळी काय होईल? वर्ग म्हणाला, मूल अजून लवकर रडेल. बरोबर, कारण रडल्यावर त्याला काहीतरी मिळालं. आणि आई? थोडा वेळ शांतता. मग एक मुलगी म्हणाली, "आई मोबाईल अजून लवकर देईल, कारण दिल्यावर तिचा त्रास गेला." झालं. एकाच प्रसंगात मुलाचं सकारात्मक प्रबलन आणि आईचं नकारात्मक प्रबलन, आणि शिक्षा कुणालाच नाही. त्या वर्षीच्या पेपरात ती चूक फार थोड्यांनी केली. त्या मुलीने 'त्रास गेला' हे जे दोन शब्द दिले, ते मी पुढे प्रत्येक तुकडीला दिले.

म्हणून चुकीच्या उत्तराला नुसती काट मारू नकोस. 'तुला असं का वाटलं?' हे विचार, तेही चौकशीच्या सुरात नको, कुतूहलाने. चूक कुठून आली ते कळलं की पुढचा उदाहरणांचा साठा मुलंच पुरवतात.

पुस्तकातल्या गोष्टींबद्दल सांगायचं राहिलं. आपल्या विषयात गोष्टी फार रंगतदार असतात आणि त्याचा मोह पडतो. न्यूयॉर्कमध्ये १९६४ साली किटी जेनोव्हीस या तरुणीचा खून झाला, ३८ जणांनी खिडकीतून पाहिलं आणि कुणीही काही केलं नाही, ही गोष्ट मी वीस वर्षं डोळ्यांत पाणी आणून सांगितली. २००७ मध्ये मॅनिंग, लेव्हाइन आणि कॉलिन्स यांनी कागदपत्रं तपासून दाखवलं की ३८ साक्षीदारांनी नुसतं बघत राहणं, याला पुरावाच नाही. त्या घटनेनंतर लाटाने आणि डार्ली यांचे बघ्यांवरचे प्रयोग झाले, ते प्रयोग आहेतच. पण ती गोष्ट आपण सांगतो तशी घडली नव्हती. मला कळलं तेव्हा मी तृतीय वर्षाच्या वर्गात उभी राहून सांगितलं की मी तुम्हाला मागच्या वर्षी चुकीचं शिकवलं. वर्गात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता होती. तास संपल्यावर एक मुलगा येऊन म्हणाला, "मॅडम, मग बाकीचं कसं तपासायचं?" माझ्या नोकरीतल्या सगळ्यात चांगल्या प्रश्नांपैकी तो एक.

२०१५ मध्ये शंभर मानसशास्त्रीय अभ्यास पुन्हा करून पाहण्याचा मोठा उपक्रम झाला, तेव्हा जेमतेम ३६ टक्के अभ्यासांत पुन्हा सार्थ निष्कर्ष मिळाला. हे मुलांपासून लपवू नकोस. आपला विषय स्वतःची तपासणी करतो, ही त्याची इभ्रत आहे. आणि 'डोळ्यांनी शिकणारे, कानांनी शिकणारे' असे मुलांचे गट पाडणारं प्रशिक्षण तुला कुणी देऊ केलं, तर नम्रपणे ऐकून घे आणि सोडून दे. तशा गटांप्रमाणे शिकवल्याने शिकणं वाढतं, याला पुरेसा पुरावा पाश्लर आणि सहकाऱ्यांना २००८ च्या आढाव्यात मिळाला नव्हता.

प्रॅक्टिकलबद्दल मला तळमळ आहे, म्हणून जरा जास्त लिहिते. आपल्याकडे जर्नल सुंदर असते आणि आतले आकडे बनवलेले असतात. सीनियरची जर्नल घ्यायची, आकडे थोडे इकडेतिकडे करायचे, बाहेरच्या परीक्षकांची सही मिळते. पोरं हे आळसाने करतात असं मला आधी वाटायचं. मग लक्षात आलं, आपणच 'अपेक्षित निष्कर्ष' आल्यावर गुण देतो. म्युलर-लायरच्या दृष्टिभ्रमाच्या प्रयोगात एका मुलीचे आकडे वेडेवाकडे आले, तिने रडत रडत ते खोडले आणि शेजारणीचे उतरवले. मी खोडलेलेच आकडे परत लिहायला लावले. तिने त्या प्रयोगाची लाकडी पट्टी घरी नेऊन आजीवरही प्रयोग करून आणला होता. आजी आयुष्यभर शाळेत न गेलेली, आणि तिच्या बाबतीत भ्रम फारच कमी आला होता. एका आजीवरून काहीच सिद्ध होत नाही, हे मी तिला सांगितलं. पण हेही सांगितलं की सेगल, कॅम्पबेल आणि हर्सकोविट्स यांनी १९६६ मध्ये जगातल्या वेगवेगळ्या समाजांत हा भ्रम मोजला, तेव्हा कलाहारीतल्या सान लोकांना तो जवळपास झालाच नाही आणि अमेरिकेतल्या लोकांना सगळ्यात जास्त झाला. आपल्या पुस्तकांतले बहुतेक 'माणूस' हे अमेरिकेतल्या कॉलेजचे विद्यार्थी आहेत, हे त्या मुलीला त्या खोडलेल्या पानावरून कळलं. खऱ्या आकड्यांना गुण दे, कुरूप असले तरी दे. चर्चेच्या भागात 'असं का आलं असेल' हे स्वतःच्या शब्दांत लिहिलं असेल, तर दोन गुण जास्त दे.

आता जे सांगते ते नीट वाच. मानसशास्त्राच्या शिक्षकाकडे मुलं दुःख घेऊन येतात. इतिहासाच्या सरांकडे येत नाहीत, आपल्याकडे येतात. अपसामान्य मानसशास्त्र सुरू झालं की दुसऱ्याच आठवड्यात स्टाफरूमच्या दाराशी कुणीतरी घुटमळतं: "मॅडम, पुस्तकात लिहिलंय तसं मलाही होतं." लक्षणं वाचली की ती स्वतःत दिसणं साहजिक आहे, हे प्रकरण सुरू करण्याआधीच वर्गाला सांग. वर्गात कुणाही माणसावर, नटावर, पुढाऱ्यावर, नातेवाइकावर निदानाची चिठ्ठी चिकटवू देऊ नकोस. आणि 'वेडा' हा शब्द तुझ्या तोंडून विनोदातही येऊ नये. ज्याच्या घरात आजारी माणूस आहे तो मुलगा दुसऱ्या बाकावर बसलेला असतो, आणि तो तुला कधीच सांगत नाही.

जी मुलगी येईल तिला बसव. दार अर्धं उघडं ठेव. घड्याळाकडे पाहू नकोस. 'मी कुणालाच सांगणार नाही' असं वचन देऊ नकोस. 'तुझ्या जिवाला धोका असेल तर मला कुणाची तरी मदत घ्यावी लागेल' हे आधीच सांग. जगावंसं वाटत नाही, असं काही बोलण्यात आलं तर सरळ विचार, जीव द्यायचा विचार येतो का? विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, असंच आजवरचं संशोधन सांगतं. उत्तर 'हो' असेल तर तिला एकटीला परत पाठवू नकोस. तू एम. ए. आहेस, चिकित्सक नाहीस. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, ती तुझ्याकडे नाही, माझ्याकडेही नव्हती. आपलं काम ऐकणं आणि तिला योग्य दारापर्यंत सोबत नेणं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते, ते रुजू झाल्याच्या आठवड्यातच विचारून ठेव. सरकारची टेलिमानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तो क्रमांक फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात कायम लिहिलेला असू दे. अपसामान्य शिकवताना नाही, पहिल्या दिवसापासून.

एकदा मी एका मुलाला 'नंतर ये, आता तास आहे' असं म्हटलं होतं. तो नंतर आला नाही, कॉलेजही सोडलं त्याने. पुढे काय झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही. तू तास पाच मिनिटं उशिरा सुरू कर. वर्ग थांबतो.

बाकी बारीकसारीक तुला सुचत जाईल. नावं महिनाभरात पाठ कर, हजेरी घेताना क्रमांकाने हाक मारू नकोस. शेवटची दहा मिनिटं नवं काही शिकवू नकोस, गावाकडच्या मुलांचं लक्ष तेव्हा एसटीच्या वेळेकडे असतं, आणि ते योग्यच आहे, ती गाडी चुकली तर पुढची दोन तासांनी. त्या दहा मिनिटांत चिठ्ठी लिहून घे: आज काय कळलं नाही? नाव न घालता. चिठ्ठ्या घरी ने आणि वाच, आणि दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकाचं तरी उत्तर दे, नाहीतर तिसऱ्या दिवशी कोऱ्या चिठ्ठ्या येतील.

मानधन वेळेवर येणार नाही, हे तुला माहीत आहे. त्याबद्दल संघटनेतून भांड, जरूर भांड. वर्गातल्या मुलांना मात्र त्याची झळ लागू देऊ नकोस.

म्युलर-लायरची ती लाकडी पट्टी माझ्याकडे आहे, निवृत्तीच्या दिवशी विभागातल्या मुलांनी भेट दिली होती. तुझ्या कॉलेजात प्रयोगशाळा नसेल तर रविवारी येऊन घेऊन जा. सोमवारी पहिला तास आहे ना? मग यादी आजच कागदावर उतरव, आरशासमोर दोनदा वाच, आणि 'झोप' किती जणांनी लिहिलं ते संध्याकाळी फोन करून मला सांग.